ओळख पटवायला

"नीट बघा, मावशी. हेच ना तुमचं?" हवालदाराने टेबलावरचं फडकं बाजूला केलं.

फडक्याखाली शिलाई मशीन होतं. काळंभोर, वरची सोनेरी नक्षी हात लागून लागून फिकी पडलेली. मावशींचा जीव भांड्यात पडला. पण चाकाला हात लावला आणि तो पुन्हा टांगणीला लागला. त्यांच्या मशीनचं चाक रुसलेल्या पोरीसारखं, दहादा मनवल्याशिवाय हलायचं नाही. हे गर्रकन फिरलं. मशीनच्या दांड्याला जुन्या घोंगडीची पट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यात टाचण्या ओळीने खोचलेल्या होत्या. मावशी टाचण्या दातांत धरायच्या. नवरा त्यावरून लग्न झाल्यापासून ओरडत आला होता.

"हे माझं नाही."

"घाई करू नका. मशीनसारखं मशीन आहे."

"मशीनसारखं आहे, पण माझं नाही."

हवालदार वाईट माणूस नव्हता, कंटाळलेला होता. तो खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, तो बाकावर बसलाय ना, त्यानं तीन चोऱ्या कबूल केल्यात. एक तुमची."

"आणि मशीनं सापडली किती?"

"एक."

"मग?"

"म्हणून तर म्हणतो, तुम्ही घेऊन टाका. सही करा, गाडीत घाला. तुमचं काम झालं, माझंही झालं."

मावशींनी बाकाकडे पाहिलं. गुडघ्यांवर हात ठेवून एक हडकुळा माणूस बसला होता. कुणी बघतंय हे कळूनही त्याने मान वर केली नाही.

नवऱ्याने मावशींचं कोपर धरून त्यांना व्हरांड्यात नेलं. "अगं, मी ओळखतो त्याला. कारखान्यात पॅकिंगला होता. सरळ माणूस."

"सरळ माणूस मशीनं उचलतो होय?"

"सरळ होता तेव्हा पगार होता."

बिस्किटांचा तो कारखाना बंद पडला तेव्हापासून गल्लीची रयाच गेली होती. आधी इस्त्रीवाल्याने गाशा गुंडाळला, मग सलूनवाल्याने. मग वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. नळाच्या तोट्या गेल्या, गटारावरची झाकणं गेली, एकाची तर दारावरची घंटा गेली. चोर आला हे कळायचीही सोय राहिली नाही. लोक म्हणायचे, तक्रार करावी तर चौकीत आधी चहापाणी मागतात. मावशी आणि त्यांचा नवरा दवाखान्यात गेले होते, तेवढ्या वेळात त्यांचं कुलूप फोडून कुणीतरी मशीन नेलं. पायानं चालवायचा लोखंडी स्टँड जड, म्हणून तेवढा ठेवला. तक्रार लिहून घ्यायला त्यांनीही चहापाणी दिलं. नवरा त्याच बंद कारखान्याच्या फाटकावर आता राखण करत होता. एके काळी तो तिथल्या भट्टीवर होता. "आत उंदीरसुद्धा राहिला नाही, आणि मी पहारा देतोय," असं तो स्वतःच सांगून हसायचा. परदेशातली लेक दर फोनवर म्हणायची, घर विका आणि इकडे या. घेतंय कोण, हे तिला कसं सांगायचं?

"घे की," नवरा म्हणाला. "शाळेचे कपडे अडलेत तुझे. तोंड दाखवायला जागा नाही राहायची."

"कुणाचं तरी आहे ते."

"आपलंही असंच कुणीतरी सही करून नेलं असेल."

"म्हणून तर," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या.

"मी सही करणार नाही," त्यांनी हवालदाराला सांगितलं. "आणि माझी चोरी त्याच्या डोक्यावर घालू नका. माझं मशीन सापडलंच नाही, तर त्यानंच नेलं कशावरून?"

"मावशी, तुम्ही कपडे शिवता का वकिली करता?" हवालदाराने फडकं परत टाकलं. "या मग. पुन्हा सापडलं की बोलावतो. वाट बघा."

घरी जेवताना नवरा एवढंच म्हणाला, "हरिश्चंद्राला निदान राज्य तरी होतं घालवायला."

दुसऱ्या दिवशी मावशी दोरे-बटणांच्या दुकानात गेल्या. "घोंगडीची पट्टी बांधून त्यात टाचण्या खोचणारी कुणी गिऱ्हाईक आहे का तुमच्याकडे? मशीन गेलंय तिचं."

दुकानदाराने डोकं खाजवलं. "पट्टीचं नाही माहीत. पण पुलापलीकडची एक दर आठवड्याला दोरे न्यायची, ती यायचीच बंद झालीय. निरोप देतो."

दोन दिवसांनी ती दारात उभी राहिली. तिशीची, चालत आल्याने दमलेली. "माझं मशीन तुम्ही बघितलंत म्हणे. घोंगडीची पट्टी आहे?"

"आहे. चल, पाणी पी आणि चल."

दोघी चौकीत गेल्या. टेबलावर चहाचे कप होते. बाक रिकामा होता.

"ते होय? ते गेलं," हवालदार खिडकीकडे बघत म्हणाला. "मालकीण आली. ओळख पटली, सही करून घेऊन गेली."

"मालकीण मी आहे," पुलापलीकडची म्हणाली.

"तीही हेच म्हणाली."

"कोण ती? पत्ता द्या."

"असं कुणाचंही नाव-गाव देता येत नाही, बाई. केस बंद झाली."

मावशी भांडायला पुढे सरसावल्या. पण ती बाई भांडली नाही, रडली नाही. पायरीवर येऊन थांबली आणि म्हणाली, "जिनं नेलं, तिचंही चोरीला गेलंच असेल ना हो?"

"गेलं असेल," मावशी म्हणाल्या. "नसेलही. तुझ्याकडे कामं किती अडलीत?"

"होती. लोकांनी कापड परत नेलं."

"माझ्याकडची अजून कुणी नेली नाहीत. हातानं शिवशील?"

"हातानं कितीसं होणार?"

"एकटीनं काहीच होत नाही, एवढं बघितलंय मी."

नवऱ्याने दार उघडलं आणि दोघींचे रिकामे हात पाहिले. चहा टाकला. आतली चांगली खुर्ची उचलून खिडकीपाशी, उजेडात आणून ठेवली. मावशींनी शाळेच्या कपड्यांचा गठ्ठा सोडला, स्कर्ट तिच्या मांडीवर घातले, चड्ड्या स्वतः घेतल्या.

ती बाई मान खाली घालून शिवायला लागली. टाके बारीक, एकसारखे पडत होते. नवरा कप उचलायला वाकला तेव्हा त्याला दिसलं, खुर्चीखाली तिची दोन्ही पावलं नुसत्या फरशीवर टाच-चवडा, टाच-चवडा अशी एका लयीत हलत होती. तिला ते ठाऊकही नव्हतं.

तो तसाच थोडा वेळ वाकून राहिला. मग आवाज न करता कप घेऊन आत गेला.