विंगेतला वन्स मोअर

महाराष्ट्रात मोठ्या गायिकांच्या मैत्रीचे दोन प्रकार आहेत. एक छापून येतो आणि दुसरा अजून कुणाला सापडलेला नाही. सुचित्रा आणि प्रेमा यांची मैत्री पहिल्या प्रकारातली, म्हणजे अधिकृत. सुचित्रा मुलाखतींतून सांगायची की प्रेमासारखा गळा शतकातून एकदा होतो. प्रेमा सांगायची की सुचित्रा शेजारी बसली की आपला तानपुरासुद्धा शहाण्यासारखा वागतो. दोघी एकाच संगीत नाटकात एकाच राजाच्या दोन राण्या व्हायच्या. मधल्या काळात राजे बदलले, एक तर वारला, पण सवती त्याच राहिल्या.

मस्कतच्या मराठी मंडळींनी दोघींना बोलावलं ते याच नाटकातल्या पदांसाठी. प्रायोजक होता गाला या तिथल्या गॅरेजांच्या वस्तीतला एक स्पेअर पार्टवाला. त्याला 'संगीत नाटक' म्हणजे काय ते समजावता समजावता कमिटी थकली आणि शेवटी बॅनरवर इंग्रजीत 'ग्रँड मराठी ऑपेरा' असं छापून मोकळी झाली. बॅनरवर डाव्या बाजूला सुचित्रा, उजव्या बाजूला प्रेमा आणि मध्ये, राजाच्या जागी, क्लचप्लेट.

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका हॉलच्या मागच्या खोलीत दोघी रंगायला बसल्या होत्या. बाहेर खुर्च्या भरत होत्या. प्रेमा सकाळपासून थर्मासमधलं कोमट पाणी पीत होती आणि हूं का चूं करत नव्हती. सुचित्राला वाटलं, ही गळा राखतेय म्हणजे आज मला खायला उठणार.

"सुचित्रा," प्रेमा आरशातूनच म्हणाली, "आज ओरडू नकोस."

सुचित्राचा हात कुंकवाशीच थांबला. तीस वर्षांत या विषयावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

विषय असा होता. संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' म्हणून ओरडतात आणि नटी ते पद पुन्हा म्हणते. ज्या पदाला वन्स मोअर नाही ते पद पडलं, असा हिशेब. पण प्रेक्षक मोठा भिडस्त प्राणी. पहिलं कुणी ओरडलं तरच दुसरा ओरडतो. कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत इचलकरंजीला थिएटर सुतकात बसल्यासारखं बसलं होतं, तेव्हा सुचित्राने न राहवून विंगेतून, काळोखातून, प्रेमासाठी हाक टाकली होती. पाठोपाठ सगळं थिएटर ओरडलं. पुढच्या अंकात सुचित्राच्या पदाला तशीच हाक विंगेतून आली. बोलणं काहीच झालं नाही, पण करार झाला. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगात पहिली हाक एकमेकींची. सुचित्राची हाक तर नेमकी पंचमात लागायची. ओरडायचं तरी सुरात ओरडावं, असं तिचं मत होतं.

"ओरडू नको म्हणजे?"

"म्हणजे नको. निरोपाचं पद मी एकदा म्हणेन. दुसऱ्यांदा नाही जमायचं."

"हे तुझं पंक्तीतलं नको आहे की खरं नको?"

"खरं. वाढलंस तर पानातून सांडेल." प्रेमाने गळ्यावर बोट ठेवलं. "आत एक शीर फुगलीय. परत गेले की ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, प्रवास करा पण गाऊ नका. मी म्हटलं, बॅनर छापून झालाय."

"आणि ताण पडला तर?"

"फुटेल. मग बोलायला उरेल, भाजीवाल्याशी भांडायला उरेल. गायला नाही उरणार."

सुचित्रा आरसा सोडून तिच्याकडे वळली. "अगं मग आज गाऊच नकोस. दोन्ही राण्यांची पदं मी म्हणते."

"तेवढीच वाट बघत होतीस ना?" प्रेमा आवाज न करता हसली. हसणंसुद्धा ती जपून खर्च करत होती. "ऑपरेशननंतर ही पट्टी राहणार नाही म्हणतात. एकदा म्हणू दे. फक्त तुझं तोंड बंद ठेव."

सुचित्रा उठली. आपलं तोंड बंद ठेवणं आपल्या हातात आहे, पण हॉलचं काय? हे पद वन्स मोअरशिवाय कधी सुटलेलं नव्हतं. पुढच्या रांगेत एखादा पुणेकर जाणकार बसला असेल तर संपलंच. आणि वन्स मोअर आला की प्रेमा नाही म्हणणार नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

कमिटीचा सेक्रेटरी जयप्रकाश दारातच उभा होता. कोट घालून, दोन फोन हातात घेऊन, आपल्यामुळेच ओमान चाललंय अशा चेहऱ्याने.

"जयप्रकाश, एक काम करा. सुरुवातीलाच सांगून टाका, आज कुणीही वन्स मोअर देऊ नये म्हणून."

"ताई!" त्याला गहिवरून आलं. "अहो, माझ्या तोंडातलं बोललात. पण मी कसं म्हणणार? पार माबेलाहून आलेली पब्लिक आत्ताच विचारतेय जेवण कधी. तासभर ड्रायव्हिंग, उद्या रविवार, म्हणजे इथे सगळ्यांना ऑफिस. वन्स मोअर नसेल तर इन्शाल्ला वेळेत खलास होईल."

"कुणालाही नाही हं. प्रेमालाही नाही, मलाही नाही."

"केवढं मोठं मन तुमचं," असं म्हणून तो माइककडे धावला. आणि खरोखरच त्याने जाहीर केलं, "रसिकहो, वेळेअभावी आज वन्स मोअर देऊ नये, ही नम्र विनंती. टाळ्या चालतील."

रसिकांनी लगेच टाळ्या वाजवल्या. परदेशात आपली माणसं फार शिस्तीने वागतात.

निरोपाचं पद आलं तेव्हा सुचित्रा विंगेत उभी होती, नेहमीच्या जागी. पडद्याची कड तिने मुठीत धरली होती. स्टेजवर प्रेमा एकटी. बाजूला पेटीवर आशुतोष, जो आठवडाभर एसीचे प्लँट सांभाळायचा आणि सुट्टीला सूर. त्याने षड्ज धरला.

प्रेमाने पहिली ओळ घेतली. सुचित्रा नुसती तिच्या गळ्याकडे बघत होती. सगळा धोका होता तो अंतऱ्यात. तिथे वरचा गंधार लागतो आणि त्यावर थांबावं लागतं. प्रेमा त्या गंधारावर थांबायची म्हणून तर तिकिटं खपायची.

आणि मग सुचित्राच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. हे पद आपण ऐकतोय. म्हणजे आत्ता, पहिल्यांदा.

इतकी वर्षं ती या जागेवर उभी राहून पद ऐकत नव्हती, हॉल ऐकत होती. खुर्ची कुठे करकरली, खोकला कुठे आला, शेवटच्या षड्जानंतर टाळी पडायच्या आधी जी फट असते ती कधी येते आणि हाक नेमकी कधी सोडायची. ते काम होतं आणि ती कामाला चोख होती. आज काम नव्हतं. कान रिकामे होते. त्यात प्रेमाचा आवाज आला आणि येऊन बसला.

छापून आलेलं सगळं खरं होतं, या शोधाने तिला घाम फुटला. बाई खरंच तशी गात होती. शब्दाला धक्का लागू देत नव्हती. निरोप घेणारी राणी रडत नव्हती, उलट सवतीला घर नीट सांभाळ म्हणून सांगत होती. आणि ती सवत विंगेत उभी होती.

अंतरा आला. प्रेमा गंधाराकडे चढली नाही. झोपलेल्या मुलाच्या अंगावरचा हात हळूच काढून घ्यावा, तशी सगळ्या खालच्या सुरांवरून उठली आणि गंधार तिथे होता. थांबली. शीर, डॉक्टर, बॅनर, काही नाही. मग एकेक पायरी उतरत षड्जावर आली आणि हात जोडले.

सुटलो, असं सुचित्राला वाटायला हवं होतं. वाचली बाई. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. विनंतीप्रमाणे, बेतशीर.

"वन्स मोअर!"

कोण मेलं ते, म्हणून सुचित्राने रागाने मान वळवली. विंगेत दुसरं कुणी नव्हतं. तिचाच घसा जळत होता.

हॉलमध्ये हशा पिकला. दोन-तीन माना मागे वळल्या. सूचना ऐकली नाही वाटतं कुणीतरी, असं एक बाई मोठ्याने म्हणाली. पलीकडच्या विंगेतून जयप्रकाश घड्याळावर बोट आपटत होता. सुचित्राने तोंडावर पदर दाबला, पण बाण सुटला होता.

प्रेमा विंगेकडे बघत होती. रंगवलेल्या चेहऱ्यात नुसते डोळे. सुचित्राने मान हलवली. नको. दोन्ही हात हलवले. नको गं, चुकून झालं, नको. प्रेमाने फक्त पुन्हा हात जोडले असते तरी भागलं असतं. लोक जेवायला तयारच होते.

तिने आशुतोषकडे बघून मान डोलावली.

दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा सुचित्राला हॉल ऐकू येत नव्हता आणि पदही. तिला फक्त ती शीर दिसत होती. मुखडा झाला. अंतरा झाला अर्धा. प्रेमा गंधाराला गेली आणि तिथे आवाजच नव्हता. नुसती हवा. पेटीवर आशुतोषने गंधार धरून ठेवला, भेदरून, बोट उचलायचं सुचेना म्हणून. प्रेमाने हात वर नेला होता तो तसाच ठेवला. सूर जितका वेळ थांबला असता तितका वेळ ती त्याच्यासाठी थांबली, तोंड उघडं, नजर वर. मग खालच्या अर्ध्या, खरखरीत आवाजात षड्जावर उतरली.

टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या. गंधार गाळणं ही काहीतरी वरची गायकी असावी, असं बहुतेकांना वाटलं. पहिल्या रांगेतल्या एका जाणकाराने तर डोळे मिटून मान हलवली.

प्रेमा विंगेत आली आणि हार्मोनियमच्या रिकाम्या पेटाऱ्यावर बसली. सुचित्रा तिच्यासमोर खालीच बसली, राणीच्या शालूसकट.

"फुटली?"

प्रेमाने खांदे उडवले. आवाज म्हणून जे आलं ते कागद चुरगाळल्यासारखं होतं. "काहीतरी झालं खरं."

"जीभ झडो माझी. प्रेमा, शपथ घेऊन सांगते, मला कळलंच नाही कधी..."

"तुला कळलं असतं तर मी गायले नसते."

सुचित्राला अर्थ लागेना.

"तीस वर्षं," प्रेमा थांबत थांबत म्हणाली, "पंचमात ओरडायचीस. इतकी सुरेल हाक. मला वाटायचं, ही माझ्या पदावर रियाज करून घेतेय. आज सूर कुठे लागला होता?"

सुचित्राने आठवून बघितलं. "कुठेच नाही."

"पंचम नाही, धैवत नाही. मधेच कुठेतरी फाटला." प्रेमाने तिचं मनगट धरलं. हात थंडगार होता. "इतकं बेसूर तू जन्मात ओरडली नव्हतीस. मग मी काय करणार? म्हटलं पुन्हा."

सुचित्राच्या डोळ्यांतलं काजळ आता तिच्या ताब्यात नव्हतं. ती काही म्हणणार तेवढ्यात जयप्रकाश धावत आला.

"सुचित्राताई, यल्ला, चला, तुमची एंट्री! आणि ते मघाचं कोण ओरडलं ते शोधतोय मी. घाबरू नका, परत होणार नाही." तो तसाच माइकपाशी गेला आणि हॉलभर त्याचा आवाज घुमला. "पुन्हा एकदा कळकळीची विनंती. यापुढे एकही वन्स मोअर नको. अगदी एकही."

हॉलने टाळ्या वाजवून मान्यता दिली.

सुचित्रा उठली. निऱ्या सारख्या केल्या, डोळ्याखालचं काळं बोटाने पुसलं, ते आणखी पसरलं. सवयीने तिने प्रेमाकडे बघितलं. तिने विंगेतली जागा धरली का, उभी राहिली का, हे बघायची सवय. प्रेमा पेटाऱ्यावरच बसून होती. तिने आपल्या गळ्याकडे बोट केलं आणि ते बोट आडवं हलवलं.

"आज माझ्याकडून काही येणार नाही," ती कुजबुजली. "बंदी तूच घालून घेतलीस. आता मोडायला लाव त्यांना."

स्टेजवर उजेड फार होता. पुढे खुर्च्या करकरत होत्या, कुणीतरी गाडीची किल्ली काढून हातात धरली होती. आशुतोषने षड्ज दिला. सुचित्राने मागे वळून बघितलं नाही. हाक टाकायला तिथे आज कुणी नव्हतं. होतं ते नुसतं ऐकायला बसलं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

तिने पहिली ओळ उचलली.