नकाशातल्या रस्त्यावरचा वर्ग

एरवी गेटवर नुसता 'किया ओरा'चा माओरी नमस्कार टाकून पुढे जाणारी शेजारच्या शाळेची मुख्याध्यापिका हेलन, केळ्याचा केक घेऊन दारात उभी राहिली, तेव्हाच शशिकांत सावध झाला. केक? फुकटात? छे!

मामला साधा होता. त्याच्या कुंपणाला लागून गॉर्सच्या काटेरी झुडपांनी भरलेली चढाची एक पट्टी होती. वेलिंग्टनच्या त्या टेकडीवर तिथून बकरीसुद्धा नीट चालली नसती, पण कौन्सिलच्या नकाशात तो सार्वजनिक रस्ता होता. शाळेला वर्ग कमी पडत होते. एक तयार लाकडी वर्गखोली ट्रकवरून यायची होती, आणि ती ठेवायला कौन्सिल ही पडीक पट्टी द्यायला राजी होतं. फक्त लगतच्या शेजाऱ्याची संमती हवी होती. लगतचा शेजारी एकच, शशिकांत.

"हरकत असेल तर मोकळेपणानं सांगा," हेलन म्हणाली आणि गेली.

"इथं पाणी मुरतंय," शशिकांत बायकोला म्हणाला. "जागा सरकारी, शाळा सरकारी, कौन्सिल तयार. मग माझी सही कशाला हवी?"

"शेजारी आहोत म्हणून," प्रमोदिनी केक कापता कापता म्हणाली. "करून टाका की. आपल्या श्रियाचाच वर्ग आहे तो. पोरं हॉलच्या कोपऱ्यात कुडकुडत बसतात."

"तू भोळी आहेस! पुण्यात रस्तारुंदीत बाबांचं अर्धं दुकान गेलं, तेव्हा विचारलं होतं कुणी? सकाळी जाऊन बघतात तर ओटाच नाही! आणि इथं मला विचारायला मुख्याध्यापिका केक घेऊन येते? काहीतरी काय!"

त्यानं नकार कळवला. कायमचा नाही हं. त्याच्या हिशेबानं पहिला नकार म्हणजे बोलणी सुरू. आता कुणीतरी समजवायला येईल, कुणी दटावेल, त्या गडबडीत यांच्या पोटातलं ओठावर येईल, आणि मग आपण मोठ्या मनानं हो म्हणू. सगळं ठरलेलं होतं.

"ठीक आहे. कळवलंत, आभारी आहे," हेलन फोनवर म्हणाली. संपलं.

एवढ्यावर गप्प बसली? म्हणजे नक्की गुपचूप उरकणार! शशिकांत ऑफिसच्या बसला निघायच्या आधी रोज कुंपणावरून डोकावू लागला. एका शनिवारी पट्टीवर भडक जाकिटातली दोन माणसं दिसली. हा पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत धावला. "कुणाच्या परवानगीनं?" ती बिचारी गॉर्सवर औषध मारायला आली होती. "ऑल गुड, मेट," म्हणाली आणि कामाला लागली. प्रमोदिनीनं खिडकीतून कपाळावर हात मारला.

थंडी वाढली, श्रियाचा खोकला हटेना. एकदा जेवताना त्यानं हळूच खडा टाकला. "काय गं, तुझी हेलन माझ्याबद्दल काय म्हणते?"

"नथिंग."

"खरं सांग."

"शी सेड वी मस्टन्ट बॉदर यू, बाबा. इट्स युअर राइट."

मुलांना कुणी भडकवलं नव्हतं, उलट गप्प राहायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो थेट शाळेत गेला. हॉलच्या कोपऱ्यात व्यायामाच्या चटयांवर श्रियाचा वर्ग जाकिटं घालून बसला होता.

"माझी संमती आहे," तो हेलनला घाईघाईनं म्हणाला. "आणा ती वर्गखोली."

"ओह. ती दुसऱ्या शाळेला दिली हो. तुम्ही नाही म्हणालात ना." तिच्या चेहऱ्यावर राग कुठे दिसतो का, हे त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं. नव्हता.

"पण तुम्ही परत का नाही आलात?" त्याचा आवाज चढला. "एकदा तरी यायचं! भांडायचं, कौन्सिलला मध्ये घालायचं, माझ्यावर जोर करायचा!"

हेलनला प्रश्नच कळला नाही. "पण तुम्ही नाही म्हणालात," ती पुन्हा तेच म्हणाली.

शशिकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या शब्दाला मान दिला होता, आणि तो शब्द त्यानं मनापासून उच्चारलाच नव्हता. कोपऱ्यात बाह्यांत हात ओढून लिहिणाऱ्या श्रियानं मान वर केली. बाबा शाळेत आलेला पाहून तिला कोण आनंद झाला, आणि ती शेजारणीला कोपरानं ढोसून त्याच्याकडे बोट दाखवू लागली.