मी, आकाशाची 'सदोष' काच

मित्रांनो, मी एक जुनी प्लेट आहे. जेवायची नव्हे, आकाशाचा फोटो काढायची. वहीपेक्षा थोडी मोठी काच आणि तिच्या एका बाजूला उजेड टिपणारा पातळ लेप, एवढाच माझा संसार. लेपाची बाजू जरा मळकट दिसते, दुसरी चकचकीत. एवढ्याशा फरकावरून पुढे एका हुशार माणसाची चांगली फजिती झाली, ती सांगेनच.

कारखान्यातून मी काळ्या कागदात गुंडाळून वेधशाळेत आले. एका थंडीच्या रात्री मला दुर्बिणीत बसवले आणि झाकण उघडले. पूर्ण एक तास मी आकाशाकडे टक लावून होते. दुर्बीण चालवणारा माणूस तासभर भिंगाला डोळा लावून चाक फिरवत होता, कारण आकाश सरकत असते. तो जरा हलला असता तर माझे सगळे तारे रेघोट्या झाले असते. त्याला त्या तासात एकदाही शिंक आली नाही, याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे.

मग मला औषधी पाण्यात बुडवले आणि माझ्यावर तारे उमटले. पण काळे! आमच्यात सगळा उलटा कारभार. आकाश स्वच्छ आणि तारे काळे. तारा जितका तेजस्वी, तितका ठिपका मोठा. लेपाच्या कोपऱ्यात सुईने माझा क्रमांक कोरला आणि मला मोजणीच्या खोलीत पाठवले.

तिथे मला मावशी भेटली. वय असेल तिशीचे, पण कोणी खोकले की सुंठेची पुडी काढायची आणि कोणी चुकले की कान उपटायची, म्हणून सगळी खोली तिला मावशी म्हणे. खालून उजेड असलेल्या तिरक्या टेबलावर ती मला ठेवायची आणि भिंगातून एकेक ठिपका मोजायची. असे प्रेमाने मला त्याआधी कोणी पाहिले नव्हते.

एके दिवशी तिचा हात थांबला. ध्रुवाजवळचा एक तारा महिन्याभरापूर्वीच्या प्लेटवर तिळाएवढा होता, तो माझ्यावर जेमतेम खसखशीएवढा उमटला होता. तिने चकचकीत बाजूने त्याच्याभोवती लाल शाईचे बारीक वर्तुळ काढले आणि मला घेऊन साहेबांकडे गेली.

साहेबांनी दोन क्षण पाहिले. "लेप नीट बसला नसेल त्या जागी. तारा असा मधेच फिका होतो होय?"

"मग शेजारचे दोन बारीक तारे कसे आले, साहेब? तिथे लेप बसला आणि याच्या एकट्याच्या नशिबी नाही?"

"मावशी, आपण मोजायचं. तर्क लढवायला इतर लोक आहेत."

आणि माझ्या कागदी पाकिटावर त्यांनी निळा शिक्का मारला: सदोष. माझे मोजमाप वहीतून बाद झाले. मित्रांनो, मला फार लागले ते. तासभर डोळ्यात तेल घालून जे दिसले ते मी टिपले, आणि खोटी ठरले मीच!

मावशी वाद घालत बसली नाही. मोठी दुर्बीण आता आकाशाच्या दुसऱ्या भागाकडे वळली होती. म्हणून ती काम संपल्यावर गच्चीवरच्या लहान दुर्बिणीतून तो तारा पाहू लागली. ध्रुवाजवळचा तो, वर्षभर दिसायचा. वहीत जागा नव्हती, तेव्हा ती माझ्याच पाकिटावर पेन्सिलीने तारीख घालून लिहायची. 'अजून फिका.' 'अजून तसाच.' 'ढग. मेले ढग!' शेवटी, चौदा महिन्यांनी, तिने लिहिले: 'आज पूर्ववत. हायसे वाटले. – मावशी.' मग तिने मला सदोष प्लेटांच्या फळीवर अलगद उभे केले. त्यानंतर ती मला दिसली नाही.

वर्षे गेली. विजेवर चालणारे कॅमेरे आले आणि आमची सद्दी संपली. तळघरात कपाटांच्या रांगा, त्यांत आम्ही हजारो बहिणी. आमची देखभाल करणारे काका तेवढे रोज येत. पुढे चांगल्या प्लेटांच्या प्रती संगणकावर घ्यायचे ठरले, आणि सदोष फळी टाकून द्यायचा हुकूम निघाला. काकांनी हुकूम खिशात घातला आणि विसरले. म्हणजे ते तसे सांगत. तीन वर्षे रोज विसरायला केवढी आठवण लागते!

आणि एके सकाळी ताई आली. ती ताऱ्यांवर संशोधन करायची. आता म्हणे अशी दुर्बीण आहे की काही रात्रींत अख्खे आकाश टिपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. त्या सर्वेक्षणातल्या कोट्यवधी ताऱ्यांमध्ये ताईला एक तारा अकरा महिन्यांपासून फिका झालेला आढळला. माझाच तारा! तिला वाटत होते की धुळीचा मोठा ढग बाळगणारा कोणी न दिसणारा जोडीदार त्याच्या आड आला असावा. ढग सरकताना त्याच्या विरळ कडेतून ताऱ्याचा उजेड झिरपून येतो, आणि त्या उजेडावरून धूळ कसली आहे ते कळते. पण ते पाहायला अवकाशातली मोठी दुर्बीण हवी. तिच्यासाठी जगभरातून अर्ज येतात. ताईला मिळाली तर एकच संधी मिळणार होती आणि अर्जात महिना लिहायचा होता. ढग कधी सरकणार, कोणाला ठाऊक? अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती, आणि तो गुरुवार होता.

"काका, संगणकावरच्या सगळ्या प्रती पाहिल्या. एकीवरही तो फिका नाही. अजून काही आहे का हो?"

काकांनी सदोष फळीवरून पेन्सिलीच्या नोंदींनी भरलेले माझे पाकीट काढून तिच्या हातात दिले. पाकिटावरचे वाचता वाचता ताई खाली फरशीवरच बसली. "चौदा महिने," ती पुटपुटली. "म्हणजे अजून तीन. पण नुसत्या पेन्सिलीवर कोण विश्वास ठेवणार? काचेवर दिसायला हवं."

तिने मला उजेडावर ठेवले. कोपऱ्यातला क्रमांक सरळ वाचता येईल असे ठेवले, आणि चूक झाली ती तिथेच. क्रमांक लेपावर कोरलेला. तो सरळ दिसला की आकाश उलटे होते, डावे उजवीकडे. तासभर ती नकाशाशी माझे तारे जुळवत होती. एक जुळेल तर शपथ! वर्तुळाशेजारी असायला हवेत ते दोन बारीक तारेही तिला नकाशाप्रमाणे सापडेनात.

"शिक्का मारणाऱ्याचं बरोबर होतं, काका. ही सदोषच आहे."

मित्रांनो, काचेला ओरडता येत नाही. त्या क्षणी आले असते तर मी तळघर डोक्यावर घेतले असते.

काकांनी चष्मा सावरला, वाकून पाहिले आणि खुदकन हसले. "अहो ताई, तुम्ही आकाशाच्या पाठीमागे जाऊन उभ्या आहात. मळकट बाजू खाली, चकचकीत वर. मावशीबाईंनी शाई कुठल्या बाजूला लावलीय बघा की!"

त्यांनी मला हळूच पालथे केले. क्रमांक उलटा झाला आणि आकाश सुलटे. ताईच्या नकाशातले तारे एकामागून एक माझ्या ठिपक्यांवर येऊन बसले. वर्तुळात खसखशीएवढा तारा होता, आणि शेजारचे दोघे अगदी ठणठणीत. ताईने कपाळावर हात मारून घेतला आणि मग ती हसत हसत रडली.

माझी आणि पाकिटाची प्रत जोडून शुक्रवारी साडेचारला अर्ज गेला. दुर्बीण मिळाली. बरोबर चौदाव्या महिन्यात ती त्या ताऱ्याकडे वळली आणि चारच दिवसांत धुळीची कड सरकू लागली. एक आठवडा इकडेतिकडे झाला असता तर सारे हुकले असते. ताईच्या शोधनिबंधात आभार मानलेत, पहिले मावशीचे आणि दुसरे काकांच्या विसरभोळेपणाचे.

निळा शिक्का मात्र काकांनी खोडायला निघालेल्या ताईला खोडू दिला नाही. "राहू दे. पुढच्यांना कळू दे, घाईने मारला की काय होतं ते."

आता मी मऊ अस्तराच्या खोक्यात असते. दुर्बिणीवरचा माणूस, मावशी, काका, ताई, या सगळ्यांनी मला सांभाळले. यांचे उपकार कसे फेडू? म्हणून मला जपा असे मी म्हणणार नाही, मला जपणारे आहेत. मागणे वेगळेच आहे. माझ्या रात्रीनंतर एकाहत्तर वर्षांनी तो तारा पुन्हा फिका झाला; ताईच्या हिशेबाने तेवढ्याच वर्षांनी तो आणखी एकदा फिका होईल. तेव्हा ताई नसेल. तुम्ही असाल, नातवंडांचे आजी-आजोबा. त्या वर्षी कोणीतरी आठवणीने वर बघा, मित्रांनो. आणि जे दिसेल ते, कोणी काहीही म्हणो, तारीख घालून लिहून ठेवा.