वाचला असे समजण्यात यावे

नारळ संपले, पण सत्कार संपले नव्हते. मंचाच्या पायऱ्यांशी उभ्या असलेल्या हत्तुरे सरांनी धुळा शिपायाला खुणेनं जवळ बोलावलं. ज्यांचे सत्कार झाले आहेत त्यांच्याच खुर्च्यांखालचे दोन नारळ हळूच काढून आण, असं त्याच्या कानात सांगितलं. धुळानं एकदा सरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो मुकाट वाकून मंचावर गेला. सरांचं लक्ष नारळांत नव्हतंच, ते भिंतीवरच्या घड्याळात होतं.

पंचाहत्तर सालचा फेब्रुवारी होता. सोलापुरातल्या त्या कॉलेजात चर्चासत्र भरलं होतं आणि विषय होता माहितीचा संक्षेप. म्हणजे लांबलचक मजकूर कमीत कमी खुणांत कसा बसवायचा आणि एक अक्षरही न सांडता पुन्हा कसा उलगडायचा. मुंबईकडे संगणक नावाची खोलीभर यंत्रं आली होती, त्यांच्या लेखी हा मोठा प्रश्न होता. सोलापुरात मात्र या विषयात जीव अडकलेला माणूस एकच, गणिताचे चनबसप्पा हत्तुरे. आणि थोडक्यात सांगण्याच्या शास्त्रावरच्या सभेत सकाळ अर्धी हारतुऱ्यांत गेली होती. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते असं.

दोष तरी कुणाला द्यायचा? सत्काराची नावं सरांनीच काढली होती. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सत्काराच्या चादरी फुकट देणारे कारखानदार, त्यांचे थोरले बंधू. एक नाव गाळावं तर तो माणूस जन्मभर तोंड फिरवणार. वर आणखी एक गोष्ट सरांनी स्वतःच्या हातानं करून ठेवली होती. निबंधांच्या क्रमात आपला निबंध त्यांनी सगळ्यांत शेवटी टाकला होता. यजमानानं पाहुण्यांच्या आधी पानावर बसायचं नसतं, हे अक्कलकोटच्या घरात लहानपणापासून अंगात मुरलेलं. पंगतीचा नियम सभेला लावू नये, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

खरं तर तो निबंध वाचायला मिळावा म्हणूनच हा सगळा खटाटोप त्यांनी वर्षभर केला होता. टाळ्या नको होत्या त्यांना. पहिल्या रांगेत मुंबईचे डॉ. कुंडलिक निमगिरे बसले होते. त्यांनी ऐकावं आणि बरोबर की चूक तेवढं सांगावं, एवढीच आस होती. ते सांगू शकेल असा दुसरा माणूस सरांच्या माहितीत नव्हता.

गेली दहा-अकरा वर्षं सर रोज संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन बसत आणि बातम्या न वाचता त्यातली अक्षरं मोजत. जे अक्षर वारंवार येतं त्याला खूण आखूड द्यावी, क्वचित येणाऱ्याला लांब, एवढं तारखात्यालाही ठाऊक असतं. पण खुणा नेमक्या कशा वाटल्या म्हणजे मजकूर सगळ्यांत आखूड होईल, हे काही केल्या सुटत नव्हतं. ते सुटलं वडिलांच्या दुकानाच्या आठवणीनं. दुकान बंद करताना वडील उरल्यासुरल्या पुड्यांतल्या सगळ्यांत हलक्या दोन एकत्र बांधायचे. मग ते गाठोडं एकच पुडी धरून पुन्हा सगळ्यांत हलकी दोन, असं करत करत शेवटी एकच गाठोडं उरायचं. अक्षरांचंही तसंच करायचं. मग ते मोठं गाठोडं उलटं सोडत यायचं. एखाद्या अक्षरापर्यंत पोचायला जेवढ्या गाठी सुटतील, तेवढी त्याची खूण लांब.

यापेक्षा आखूड जमूच शकत नाही, हेही सरांनी आपल्यापुरतं सिद्ध केलं होतं. पण ते दाखवणार कुणाला? स्टाफरूममध्ये विषय काढला की कुणाला तरी हटकून आपला तास आठवायचा. घरी दाक्षायणीबाई ऐकायच्या, अगदी मनापासून ऐकायच्या, आणि सर मान वर करून पाहायचे तेव्हा ‘हं’ म्हणायच्या. त्यांचा काय दोष? भरल्या घरात, भरल्या गावात माणूस एकटा असू शकतो आणि सर तसे एकटे होते. कधी कधी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्यांना इतकं एकटं वाटायचं की मागे वळून मुलांकडे पाहायला नको व्हायचं.

दुपारचे साडेबारा वाजले तेव्हा दोन निबंध व्हायचे होते आणि वेळ एकापुरताच उरला होता. डॉ. निमगिरे मूळचे जेऊरचे. त्यांची आई तिथे अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला भेटून मुंबईला परतायचं म्हणून त्यांना दुपारची पॅसेंजर गाठायची होती. प्राचार्यांनी अध्यक्षांच्या कानाला लागून काही विचारलं आणि ध्वनिक्षेपकापाशी येऊन सांगितलं, की आपलेच प्राध्यापक हत्तुरे यांचा निबंध वेळेअभावी वाचला असे समजण्यात यावे. आपलेच, म्हणजे समजून घेणारे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्याही हातांनी सवयीनं दोन टाळ्या वाजल्या. मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं आणि त्यांनी हात खाली घेतले.

जेवणात शेंगाची पोळी होती. सर पंगतीतून तूप वाढत फिरले, आग्रह करत फिरले आणि स्वतः जेवायचे राहिले. निमगिऱ्यांना स्टेशनवर सोडायला टांगा आला, तेव्हा कुणी म्हणायच्या आत सरच त्यात चढून बसले. त्यांच्या मांडीवर निमगिऱ्यांच्या आईसाठी बांधून घेतलेल्या पोळ्यांचा पुडा होता.

टांगा थोडा पुढे गेल्यावर निमगिऱ्यांनी विचारलं, की निबंधात काय होतं तुमच्या. विचारलं ते नुसत्या सौजन्यानं, हे सरांना कळत होतं. पण त्यांनी सुरुवात केली. अक्षरं मोजण्यापासून नाही, गाठोड्यांपासून. सात रस्ता चौकात एक बैलगाडी आडवी झाली होती आणि टांगा थांबला. एव्हाना निमगिरे मागे टेकून बसायचे सोडून पुढे सरकले होते.

“थांबा सर. हलक्या दोन काढायच्या म्हणता. पण तीन पुड्या सारख्याच हलक्या निघाल्या तर? कुठल्या दोन बांधायच्या?”

एवढ्या वर्षांत सरांना कुणी प्रश्न विचारला नव्हता.

“कुठल्याही बांधा,” ते म्हणाले. “खुणा बदलतील. पण एकूण मजकुराची लांबी तेवढीच राहते. ते दाखवलंय मी.”

त्यांनी ते तिथल्या तिथे, बोटानं मांडीवरच्या पुड्यावर रेघा ओढत दाखवलं. निमगिरे मान हलवत होते. पुढची पायरी तर सर बोलायच्या आधी त्यांनीच बोलून दाखवली. टांगा कधी सुटला, कधी स्टेशनच्या रस्त्याला लागला, सरांना कळलंही नाही. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मग निमगिरे घोड्याच्या पाठीकडे बघत राहिले. बोलले तेव्हा मुंबईचं वळण जाऊन जेऊरचं बोलणं तोंडात आलं होतं.

“सर, बरोबर हाय तुमचं. कुटंच चूक न्हाय.” मग ते म्हणाले, “पर हे झालेलं हाय. अमेरिकेत एका विद्यार्थ्यानं केलंय. वीसएक वर्सं झाली.”

“हेच?”

“हेच. हलकी दोन बांदायची, तीच रीत.”

“सिद्धता?”

“ती बी अशीच.” निमगिऱ्यांनी नजर वळवली. “आमी शिकवतो की पोरांना.”

आमच्या ग्रंथालयात ती मासिकं येत नाहीत, एवढंच सर म्हणाले. तक्रार म्हणून नाही, पाहुण्याला अवघड वाटू नये म्हणून म्हणाले.

फलाटावर निमगिऱ्यांनी त्यांचा हात धरला आणि सोडेनात. एकट्यानं, काही हाताशी नसताना हे काढलंत, मला नसतं जमलं, असं काहीबाही ते बोलत राहिले. माणूस भला होता. त्याला वाईट वाटत होतं आणि तेच सरांना बघवत नव्हतं.

“आईंना पोळ्या मऊ लागत असतील तर दुधात भिजवून द्या,” सर म्हणाले. “बसा आता, गाडी सुटेल.”

गाडी गेल्यावर ते घरापर्यंत चालत आले. राग म्हणाल तर नव्हता. तो अमेरिकेतला पोरगा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यानंही असाच विचार केला असेल, त्यालाही ती हलकी दोन अशीच अचानक दिसली असतील. जगात आपल्यासारखा एक होता, आणि आपण आहोत हे त्याला कधीच कळणार नव्हतं. अकरा वर्षांच्या एकटेपणापेक्षा या एका विचारानं सरांना जास्त एकटं केलं.

दाक्षायणीबाई दारातच उभ्या होत्या. सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

“काय म्हणले री ते मुंबईचे?” त्यांनी आपल्या कानडी वळणात विचारलं.

सरांनी चपला काढल्या. पुढचं सगळं सांगायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यातलं अर्धंच त्यांनी बाहेर येऊ दिलं.

“बरोबर आहे म्हणाले. कुठंच चूक नाही म्हणाले.”

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग आत गेल्या, देवापुढे साखर ठेवली आणि वाटीभर घेऊन बाहेर पडल्या. शेजारच्या अंबुबाईंच्या दारात, समोरच्या घरात, गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता. आमच्या ह्यांचं गणित बरोबर निघालं, मुंबईच्या डॉक्टरनी सांगितलं. कसलं गणित, ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. लोक साखर तोंडात टाकत होते आणि सरांच्या घराकडे बघून हसत होते. सर उंबऱ्यात उभे राहून प्रत्येकाला नमस्कार करत होते.

बाई परत आल्या तेव्हा वाटीत तळाशी थोडी साखर उरली होती.

“तुमी बी घ्या की,” त्या म्हणाल्या. “तुमचंच हाय.”

सरांनी हात पुढे केला.