डाव्या हाताची दाढी

आमचा जोतीराम लढाईवरून आला तेव्हा त्याच्या उजव्या कोपराखाली काही नव्हतं. तिकडं इटलीत कुठल्याशा डोंगरात ते राहिलं. वेशीत गाव गोळा झाला होता, बायकांनी पदर तोंडाला लावले होते. मी म्हणाले, "बघून झालं असंल तर वाट सोडा. पोरगं उपाशी हाय." मला रडायचं होतं ते मी गोठ्यात जाऊन रडले. म्हैस कुणाला सांगायला जात नाही.

घरात आमचे मालक अंथरुणाला खिळलेले. गुऱ्हाळाच्या धुरानं म्हणा, वयानं म्हणा, छातीचा पार भाता झाला होता. सांगलीच्या डॉक्टरनं औषध दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, खायला मागतील ते द्या. पोराचा तो आखूड हात मालकांनी एकदाच नीट बघितला आणि त्याच्या तोंडावर म्हणाले, "माझ्यामागं ह्यो जेवणार कसा गं?"

"तोंडानं," मी म्हणाले. "तुमच्यासारखंच."

बोलले खरी, पण भाकरी मीच मोडून देत होते. पायजम्याची नाडीही मीच बांधायची. बंदूक चालवून आलेला गडी आईकडून नाडी बांधून घेताना कुठं बघतो, ते मला ठाऊक आहे. आढ्याकडं बघतो.

आमच्या घरची हजामत धुळा न्हाव्याकडं. त्याचा बाप करायचा, तो करायचा, सुगीला त्याचं बलुतं खळ्यावरून जायचं. माणूस वाईट नव्हता, पण वस्तरा चालायचा त्याहून जीभ जास्त चालायची. जोतीच्या गालावर वस्तरा ठेवायचा, मग नजर हातावर जायची, मग वस्तरा तिथंच थांबवून म्हणायचा, "अरारारा! काय व्हता हात!" दोनदा पोरानं ऐकून घेतलं. तिसऱ्या खेपेला साबण तोंडावर तसाच ठेवून उठला.

"धुळादा, तुमी आबांची करा. माझी मी करतो."

"एका हातानं? आन् त्ये बी डाव्या?"

"तुमी तर येकाच हातानं करताय की. दुसरा निस्ता कपाळावर मारून घ्यायला हाय."

धुळाला राग आला, पण हसूही आलं. मला मात्र फक्त राग आला. माझ्या घरात न्हाव्याचं काम माझा मुलगा करणार? मी तसं बोलले. जोतीनं ट्रंकेतून एक चपटी डबी काढून माझ्या पुढ्यात ठेवली.

डबी त्याला मिरजेच्या मौलानं दिली होती. दोघं एका पलटणीतले, पुण्याच्या लष्करी दवाखान्यात शेजारच्या खाटांवर. मौलाचा पाय गेला होता. तो म्हणाला होता म्हणे, "मी आता अब्बासारखी दाढी राखणार. गड्या, हे तुलाच लागंल." आत एक दांडी, तिच्यावर दोन पत्र्यांची टोपी, आणि टोपीत दाबून बसवायचं कागदासारखं पातं. धार बघायची म्हणून मी बोट लावलं आणि बोटाला कापलं. "एवढंसं हाय पण नांगी हाय," मी म्हणाले, तेव्हा पोरगं घरी आल्यापासून पहिल्यांदा हसलं.

मग रोज सकाळी मागच्या पडवीत तो खेळ सुरू झाला. दांडी गुडघ्यांत धरून तो डाव्या हातानं पेच आवळायचा. मी आरसा धरायची आणि तोंड चालवायची. ऊन पाण्याचं फडकं गालावर धरून केस मऊ होऊ द्यायचे, बुरूस गोल फिरवून दाट फेस करायचा, तो गालात जिरू द्यायचा, हे सगळं त्याला दवाखान्यात शिकवलं होतं. अडचण पुढं होती. कातडं ताणायला दुसरा हात नाही. मग तो आतून जीभ लावून गाल फुगवायचा. डाव्या हाताला जोर कळायचा नाही, दाबला की रक्त. तुरटीचा खडा झिजायला लागला.

"दाबतोस कशाला? ऊस तोडतोयस काय?"

"आये, ह्याच्या टोपीच्या वजनानंच चालाया पायजे. कळतंय मला. हाताला कळंना."

"मग हाताला शिव्या दे. माझा आरसा हलवू नगंस."

हळूहळू हाताला कळलं. केसाच्या वळणानं वरून खाली, मध्येच पाण्यात बुडवायचं, पुन्हा खाली. एक दिवस एक थेंबही रक्त आलं नाही. तो गालावरून हात फिरवत तसाच आत आबांकडं गेला. मालकांनी त्याची हनुवटी धरली, इकडं फिरवली, तिकडं फिरवली.

"धुळा आल्ता?"

"न्हाई आबा. मीच केली."

मालक त्या दिवशी वाटीभर पेज प्याले.

आमच्यात बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. बाप गेला की दहाव्याला, कृष्णेच्या काठी, तेव्हाच मिशी उतरते. बिनमिशीचा गडी दिसला की माणूस विचारतसुद्धा नाही, काय ते समजून घेतो. जोतीची मिशी चांगली झुपकेदार, आजोळच्या वळणाची. धुळाच्या वस्तऱ्याची धार उघडी, केस कुठं तुटणार ते दिसायचं. ह्या डबीतल्या यंत्राची धार टोपीखाली लपलेली. त्यात आरशात डावं-उजवं फिरलेलं. एका सकाळी मिशीची कड सारखी करायला गेला आणि एका बाजूचं टोक गेलं. मग दुसरी बाजू त्याच्याएवढी करायला गेला, ती जास्त गेली. मग पुन्हा पहिली.

मी तोवर चुलीपाशी होते. आले तर नाकाखाली माशी बसल्याएवढी मिशी उरलेली.

"अरं मुडद्या! हे काय केलंस?"

"आये, ही ठिवली तर माझ्याच पलटनीतलं लोक मला गोळी घालतील. त्या जर्मनवाल्याची हाय ही." हसत म्हणाला. मग उरलेली मिशीही त्यानं काढून टाकली. दुसरं करणार काय? तोंड धुतलं, माझ्याकडं बघितलं आणि आम्ही दोघंही एकदमच आबांच्या दाराकडं बघितलं.

तेवढ्यात शेजारची चंद्राबाई विरजण मागायला मागच्या दारानं आली. तिनं जोतीचं तोंड बघितलं, हातातली वाटी सोडली आणि उंबऱ्यातच गळा काढला, "आगं माझ्या बाई! नाथाजीदाजी कवा गेलं गं! मला हाक बी मारली न्हाईस गं!"

मी तिचं तोंड हातानं दाबलं. "जित्तं हायती! गप ऱ्हा, भवाने, जित्तं हायती माझं मालक!"

आतून आवाज आला, "कोण रडतंय गं?"

"चंद्राबाई! म्हस मेली तिची!"

"चांगली व्हती की म्हस," मालक म्हणाले आणि खोकत राहिले. चंद्राबाई पदरात तोंड घालून बसली. तिला आता स्वतःच्या म्हशीचं भ्या वाटायला लागलं होतं.

त्या दिवसापासून जोती मळ्यातल्या खोपीवर राहायला गेला. मालकांनी विचारलं, मी सांगितलं, सांगलीला गुळाच्या गाड्या घेऊन गेलाय. मिशी वाढेपर्यंत काहीतरी निभवायचं होतं. ज्याला डॉक्टरनं सोडलंय अशा माणसानं पोराचा उघडा ओठ बघायचा म्हणजे आपलं मरण समोर चालत आलेलं बघायचं. ते मी होऊ देणार नव्हते. मी रोज मळ्यात भाकरी घेऊन जायची आणि पोराच्या नाकाखाली बघायची. शेतात बी उगवलंय का बघतात ना, तसं.

"आजूनबी आला न्हाई? अडत्यानं पोरगी दिली काय त्याला?" मालक विचारायचे.

"सौदा हुईना म्हनं. भाव पडलाय."

"येका हातानं बैलं हाकली त्यानं?"

"हाकली."

हे मात्र ते पुन्हा पुन्हा विचारायचे. येका हातानं? मी म्हणायची, व्हय, येका हातानं. तेवढ्यानं त्यांचा श्वास जरा सरळ व्हायचा.

पण मिशीच्या वाढीपेक्षा दुखणं पुढं पळालं. एका सकाळी त्यांचे पाय गार लागले. मी चोळत बसले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जोतीला बोलीव. सांगलीस्नं न्हाई, मळ्यातनं बोलीव."

माझा हात थांबला.

"खोपीचा धूर मला हितनं दिसतोय रोज," मालक म्हणाले. "माझ्यावर रुसलाय काय त्यो? जेवणार कसा म्हणालो म्हणून? तसं आसंल तर मी मरू कसा गं?"

त्या रागाची शंका उराशी धरून त्यांनी जावं, की बिनमिशीचं पोर बघून जावं? मी फार वेळ घेतला नाही. शिंदीच्या झाडापर्यंत पळत गेले आणि तिथूनच हाक मारली.

जोतीनं पटक्याचा शेव तोंडाला गुंडाळला होता. खाटेपाशी बसला. मी शेव ओढून काढला. लपवाछपवी पुरे झाली होती. वरच्या ओठावर नुसती काळी रेघ.

मालकांनी मान वळवून त्या रेघेकडं बघितलं. मला वाटलं, संपलं.

"एवढी घाई झाल्ती व्हय रं?" ते म्हणाले. "धा दीस तरी थांबायचं."

"आबा, हात चुकला. शप्पत, हात चुकला. रुसलो न्हाई मी. तुमाला त्वांड कसं दाखवू म्हणून..."

"येड्या." श्वास घ्यायला थांबले. "मिशीला काय, पुन्ना येती ती. आण ते तुजं यंत्र. माझी कर. धुळा आजारी माणसाला हात लावताना लय कुचमतो."

मी पाणी ऊन केलं. जोतीनं फडकं धरलं, फेस केला, आबांच्या बुडालेल्या गालावर लावला. त्या गालाला आतून जीभ लावून फुगवायचं बळ नव्हतं, म्हणून मी माझ्या दोन बोटांनी कातडं ताणून धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माणसाच्या गालाला दिवसाउजेडी कधी हात लावला नव्हता. जोतीचा डावा हात वरून खाली आला. दाब नाही, घाई नाही. मालकांनी डोळे मिटले होते. एक गाल झाला तेव्हा त्यांनी त्यावरून हात फिरवून बघितला.

"येतंय की रं तुला," ते म्हणाले. "उरलेली उद्या. दमलो." मग थोड्या वेळानं, "पाणी घाल. त्याच हातानं घाल."

"आबा, डावा हाय."

"तुजा हाय न्हवं?"

त्यानं पळीनं पाणी घातलं. दोन घोट गेले, तिसरा ओठाच्या कडेनं खाली आला. दुपारी आमचे मालक गेले.

भावकी जमली. दिरांतले थोरले हंबीरराव पुढं होऊन ताटी बांधायची घाई करू लागले. धुळा डोळे पुसत धोकटी घेऊन आला, मालकांचं तोंड बघून म्हणाला, "वैनी, येका अंगाला दाढी तशीच हाय. मी करतो पुरी, हाताला येळ लागायचा न्हाई."

"तू बस," मी म्हणाले. "बलुतं तुझं कुठं जात न्हाई. ज्यानं सुरू केली त्यो पुरी करंल."

हंबीररावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "डाव्या हातानं? आन् दीस कलतोय, वैनी."

"कलू द्या. अर्ध्या दाढीनं माझा माणूस ह्या घरातनं जाणार न्हाई."

मी पुन्हा पाणी ऊन केलं. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. जोती खाटेच्या दुसऱ्या अंगाला बसला. फेस लावला. मी कातडं ताणून धरलं, ते आता गार होतं. त्यानं यंत्र गालाला टेकवलं आणि तसाच थांबला.

"आये, आता त्यास्नी लागायचं न्हाई."

"तरीबी हळू कर," मी म्हणाले.