आखाजीचं पुरण आणि माझं आतडं

मी एक जुना पांढरा उंदीर आहे. मित्रांनो, धुळ्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी वाढलो. लहानपणी मला तुपकट, गोड खाणं भरपूर मिळे. पिंजरे झाडणाऱ्या झुंबरबाई ते मला स्वतःच्या बोटाने भरवत. मला वाटे, काय हे लाड! पुढे कळलं, ते खाणं मला मधुमेह व्हावा म्हणूनच होतं. किती पाणी प्यायलो तरी तहान भागेना. तरी बाईंवर मी रागावलो नाही. त्यांना जे द्यायला सांगितलं, ते त्या देत होत्या.

मग हा प्रयोग करणाऱ्या रोहिणी मॅडमनी माझं ऑपरेशन केलं. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून अन्न थेट पुढे जाईल अशी नवी वाट शिवली. शेजारच्या पिंजऱ्यातल्या भावाचं पोट तुलनेसाठी नुसतं उघडून पुन्हा शिवलं. त्याची साखर चढलेलीच राहिली. माझी मात्र वजन घटायच्या आधीच उतरली. मॅडम येईल त्याला मला कौतुकाने दाखवत, आणि मीही जरा फुशारलो होतो.

आज आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातला अक्षय्य तृतीयेचा मोठा सण. सुट्टी असूनही माझी उपाशीपोटी तपासणी व्हायची होती, म्हणून खाणं काढून ठेवलेलं. मॅडम यायच्या आधी बाईंनी पदराआडून खापराच्या पुरणपोळीचा तुकडा काढला.

"सनना दिन कोनी उपाशी ऱ्हास का? खाय ले."

मी खाल्लं. थोड्या वेळाने मॅडमनी येऊन माझ्या शेपटीतून रक्ताचा थेंब घेतला, तर साखर चढलेली. मॅडमचा चेहरा पडला.

"बाई, याला काही खायला दिलंत का?"

"नही मॅडम, मी काहीच दिन्हं नही."

मॅडमनी ते खरं मानलं. "मग ऑपरेशनच फसलं. आतड्यात काय बिघडलं ते बघायला हवं. याला आजच कायमचं झोपवू."

बाईंना नोकरी जाण्याची भीती वाटली असेल, तेवढं मला समजतं. पण त्या बोटांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. माझ्या मनाला फार लागलं.

मित्रांनो, मुक्या जिवाला माया लावलीत, तर वेळ येईल तेव्हा त्याच्या बाजूने खरंही बोला. त्याला स्वतःला बोलता येत नाही.

मॅडम हातमोजे चढवत आहेत. बाई दाराशी पदराने डोळे पुसत उभ्या आहेत.

बाई, रडू नका. बोला.