सगळ्यात मळकं, ते आधी

मित्रांनो, मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. काम संपलं की गाणं म्हणणाऱ्या हल्लीच्या मशिनींपैकी नव्हे. मला दोन टप आहेत. एकात कपडे धुवायचे, मग हातानं उचलून दुसऱ्यात पिळायला टाकायचे. पाणीसुद्धा बादलीनं भरावं लागतं. त्यामुळे लाड करून घ्यायची सवय मला कधी लागलीच नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापणारे, मोटर बसवणारे, रंग मारणारे अशा कितीतरी हातांखालून मी गेले. शेवटी तपासणाऱ्या माणसानं माझ्या अंगावर थाप मारली आणि म्हणाला, "ही लवकर दमायची नाही." त्या एका वाक्यावर मी पुढं बरीच वर्षं फुशारकी मारली. तिथून मी एका नव्या संसारात आले. दुपटी, गणवेश, पडदे, पाहुण्यांच्या चादरी, सगळं धुतलं. घरातली बाई आल्यागेल्याला सांगायची, "मशीन म्हणजे माझा उजवा हात आहे हो." पुढं घरात नवी मशीन आली आणि उजव्या हाताची रवानगी बाल्कनीत झाली. माझ्या डोक्यावर कुंड्या बसल्या, पायाशी गंज चढला. एक दिवस कुणीतरी म्हणालं, "चर्चला देऊन टाका, चांगल्या कामी तरी येईल." माणसांना जे टाकवत नाही आणि ठेववतही नाही, ते ती दान करतात. मीही तशीच दान झाले.

चर्चच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती. एका कोपऱ्यात मोरी, वर एक खिडकी, बाहेर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. तिथं माझी मेट्रनबाईंशी गाठ पडली. जन्म हॉस्पिटलात गेलेला, आता निवृत्त. आवाज असा करडा, की त्यांच्या धाकानं टॉवेलसुद्धा सुरकुती न पाडता वाळत असावेत. दर शनिवारी रस्त्यावर, पुलाखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर राहणारी माणसं आपापली गाठोडी घेऊन यायची. पुढच्या हॉलमध्ये त्यांना चहा मिळे, चर्चचे पाळक त्यांच्यासोबत प्रार्थना करत. तोवर मागं मी आणि मेट्रनबाई धुण्याला भिडलेल्या असायचो.

मेट्रनबाईंना कुठल्याही कामात प्रभूची शिकवण दिसायची. शर्ट उलटा करून धुवायचा, कारण मळ आतून असतो आणि माणसाचंही तसंच आहे, असं त्या म्हणत. पिळायच्या टपात कपडे एका बाजूला गोळा झाले की मी थडथडा नाचायला लागायचे. तेव्हा त्या मदतीला आलेल्या बायकांना सांगत, "बघा, सगळं ओझं एकाच बाजूला टाकलं की चर्चच्या मंडळीची अशी गत होते." पाळक त्यातलं एखादं वाक्य रविवारच्या उपदेशात हळूच वापरत. मेट्रनबाई पहिल्या बाकावर मान खाली घालून बसत आणि मनातून फुलून जात. हे मला कसं माहीत? सोमवारी माझं झाकण पुसताना त्या गुणगुणत असायच्या.

त्यांचा एक नियम मात्र कुणी मोडायचा नाही. सगळ्यात मळका, सगळ्यांनी नाक मुरडावं असा जो कपडा असेल, तो स्वच्छ पाण्यात सर्वांत आधी धुवायचा. इतर घरांत नेमकं उलटं करतात. पण प्रभूनं हाकललेल्यांना जवळ बसवलं, मग त्याच्या घरात मळक्या कपड्याला शेवटचं गढूळ पाणी का द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मला तो नियम फार आवडायचा. बाल्कनीतून आलेली मी. मागं टाकलेल्याला पुढं घेणारं कुणी भेटलं, याचं मला केवढं अप्रूप होतं.

शनिवारी येणाऱ्यांत एक झाडूवाली मावशी होती. बाजार झाडायची आणि बाजारातल्याच एका बंद दुकानाच्या आडोशाला झोपायची. अंगावरचं, पांघरायचं, सगळं ती धुवायला देई, पण काखेत एक प्लास्टिकची पिशवी असे, ती कधीच देत नसे. पिशवीला घट्ट गाठ मारलेली. त्यात काय होतं ते मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. तिचा एकुलता एक मुलगा गॅरेजमध्ये कामाला होता. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला. ती पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गॅरेजच्या खिळ्याला त्याचा कामाचा शर्ट लटकत राहिला होता, तेवढा मालकानं तिच्या हातात दिला. फोटो एकही नव्हता. मावशी कधीतरी गाठ सोडायची, शर्टात तोंड खुपसायची आणि वास उडून जाऊ नये म्हणून लगेच गाठ मारायची. ऑइल, घाम आणि तिचं पोर, एवढं त्या पिशवीत होतं.

त्या शनिवारी मावशीला खोकला झाला होता. मेट्रनबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मावशी, किती दिवस अशा अवघडून बसणार? ठेवा ती पिशवी इथं. कुठं जात नाही. दोन्ही हात मोकळे करून गरम चहा घ्या."

मावशी जरा घुटमळली. मग तिनं पिशवी माझ्या झाकणावर ठेवली, दोनदा मागं वळून पाहिलं आणि हॉलमध्ये गेली.

मेट्रनबाई गाठोडी सोडायला लागल्या. पिशवीपाशी आल्यावर थांबल्या. त्यांनी गाठ सोडली. आतला काळाकुट्ट शर्ट पाहून त्यांचे डोळे भरून आले. "अगंबाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "इतके दिवस लाजेनं दिला नाही होय बिचारीनं! आणि आम्ही मळक्याला मान देतो म्हणून मिरवतोय."

तो शर्ट सगळ्यांच्या आधी माझ्यात आला. कॉलरला, काखेला त्यांनी डागाचं औषध हातानं चोळलं. कढत पाणी घातलं. पहिलं पाणी काळं निघालं म्हणून ते सोडून दिलं आणि दुसरं भरलं. मित्रांनो, मी इतकं मन लावून क्वचितच फिरले असेन.

मावशी चहा पिऊन आली तेव्हा शर्ट पिळून झाला होता. मेट्रनबाईंनी तो दोन्ही हातांनी तिच्यासमोर उभा धरला. निळा होता तो, हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच कळलं.

"बघा मावशी! ओळखू येतोय का?"

मावशीनं शर्ट घेतला आणि तोंडाशी नेला. मग कॉलर हुंगली, मग काखा, मग खिसा. मग शर्ट उलटा करून पुन्हा सगळं पहिल्यापासून. मेट्रनबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, कारण ते काढायचं त्यांना सुचलंच नाही. मावशीनं माझं झाकण उघडलं आणि वाकून टपात डोकं घातलं. तिचा गरम श्वास माझ्या पत्र्याला लागत होता.

"पाणी कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"अहो, सोडून दिलं. काय झालं मावशी?"

"कुठं सोडलं?"

ती धावत बाहेर गेली. खिडकीखाली माझी नळी जिथं गटारात उतरते तिथं उकिडवी बसली आणि गटारावर तोंड नेलं. फेस केव्हाच वाहून गेला होता. तिथून तिचा आवाज आला, "माझ्या पोराचा वास होता हो त्यात. तेवढाच होता."

पाळक हॉलमधून आले. त्यांनी काय घडलं ते ऐकलं आणि म्हणाले, "मेट्रनबाई, यातूनही प्रभू काहीतरी शिकवत..."

"नको, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "आज नको."

मावशी शर्ट न घेताच गेली. जाताना एवढंच म्हणाली, "राहू दे इथंच. आता हा कुणालाही होईल."

पुढच्या शनिवारी ती आली नाही. मग मेट्रनबाई तिला शोधायला बाजारात गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी पाळकांना माझ्याशेजारी उभं राहून सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. मावशी झाडतच होती. मेट्रनबाईंनी भर बाजारात हात जोडले आणि माफी मागितली. मावशीनं घाईघाईनं त्यांचे हात खाली केले. म्हणाली, "माफ केलं हो बाई. तुम्ही थोडंच वाईट केलंत? पण माफ करून वास परत येत असता तर मी कधीच केलं असतं." आणि ती पुढची पायरी झाडायला लागली.

"शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," मेट्रनबाई पाळकांना म्हणाल्या. पाळकांनी बादली उचलली आणि माझ्यात पाणी ओतलं. उपदेश केला नाही, हे मला बरं वाटलं.

त्यानंतरही दर शनिवारी धुणं चालू राहिलं. मेट्रनबाई यायच्या, पाणी भरायच्या, कपडे उलटे करायच्या, पण का ते कुणाला सांगायच्या नाहीत. एखादी नवी बाई विचारायची, "बाई, आजचा धडा?" त्या म्हणायच्या, "धडा नाही. कपडे आहेत." मावशी पुन्हा कधी आली नाही. शर्ट कुणीतरी गरजूला दिला. कुणाला, ते ठाऊक नाही.

आता माझी मोटर जळाली आहे. मला खोलीबाहेर भिंतीला टेकवून ठेवलंय आणि भंगारवाला आज येतो, उद्या येतो असं चाललंय. अशा वेळी माझ्यासारख्यांनी म्हणायचं असतं, की आमची निगा राखा, वेळेवर तेलपाणी करा. माझं तसलं काही मागणं नाही. मी पत्रा आहे, पत्र्यात जाईन. एवढंच सांगते, की कुणाचं भलं करायला जाल तेव्हा त्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी त्याला विचारा. तुमचं मन कितीही स्वच्छ असो, विचारा. एवढ्यानं जग सुधारेल असं मला वाटत नाही, आणि मावशीला तर त्याचा काहीच उपयोग नाही. डाग परत पडतात, मित्रांनो, दर शनिवारी नवे पडतात. तो शर्ट मात्र मी कायमचा स्वच्छ केला.